यंदा गणपतीला येत नाही

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण आई, मी तोंड उघडायच्या आत तू विचारलंस, "यंदा एकवीस करू की एकतीस?" आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. म्हणून हे पत्र. मी गणपतीला चिपळूणला येत नाहीये.

सोमवारपासून आठ आठवडे मी जेवणार नाही. लगेच रडू नकोस, उपास नाहीये हा. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेली पावडर पाण्यात कालवून प्यायची, 250 मिलीचे आठ ग्लास. त्यातून दिवसाला 2000 कॅलरी मिळतात, म्हणजे मी एरवी खाते त्याहून जास्तच. प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार सगळं त्यात असतं. वर पाणी, बाकी काही नाही. क्रोन्समध्ये, म्हणजे माझ्या या आजारात, आतड्याची सूज याने उतरू शकते. लहान मुलांना तर स्टेरॉइडच्या आधी हेच देतात. मोठ्यांना सहसा सांगत नाहीत, कारण मोठी माणसं चौथ्या दिवशी वडापाव खातात.

बाबा, तुम्ही विचाराल, गोळ्यांनी भागत नाही का? कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे शौचाच्या तपासणीतला आतड्याच्या सुजेचा आकडा, पुन्हा वर गेलंय, वजन उतरलंय. राहिला मार्ग स्टेरॉइडचा. मागच्या वेळचा माझा फुगलेला चेहरा आठवतो ना? देशपांडेकाकू म्हणाल्या होत्या, "पुण्याचं पाणी मानवलं हो!" पुन्हा ते नको, हाडांसाठीही नको. अ‍ॅझाथायोप्रिन, ती प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, चालूच आहे, त्याच्या रक्ततपासण्याही. नुसत्या आहारावर सोडून द्यायचा हा आजार नव्हे, एवढं मला कळतं.

खरं सांगायचं तर घरी येऊनही ग्लास पिता आले असते. पण तू मोदक फोडणार, वाफेवर तूप सोडणार आणि "अर्धाच घे" म्हणत समोर धरणार. मी तो भुकेपायी नाही, तुझ्या तोंडाकडे बघून खाईन. शिवाय न्हाणीघराची कडी वाजली की तू गॅस बारीक करून कान देतेस, मला माहितीये. सकाळी किती वेळा वाजली, तेही तुला पाठ असतं. पाहुण्यांच्या गर्दीत तुला ते मोजायला लावायचं नाहीये मला.

आणि हे शेवटचं लिहिते: तुझ्या फोडणीने, तिखटाने, लहानपणीच्या जत्रेतल्या भज्यांनी हे झालेलं नाही. शरीराची संरक्षणाची फौज आपल्याच आतड्यावर उलटते, ती का उलटते ते डॉक्टरही पुरतं सांगू शकत नाहीत. टीबी समजणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरांनाही बोल लावू नका. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोन्ही बहुधा त्याच जागी बसतात आणि तुकडा तपासूनही कधी कधी वेगळे ओळखू येत नाहीत. सहा महिन्यांची एकेटी, टीबीची ती औषधं, वाया गेली असं तुला वाटतं. मला त्यातलं आठवतं ते कुंभार्ली घाटातलं. बाबांनी एसटी थांबवायला लावली, आणि मी झुडपामागून येईपर्यंत पाठ फिरवून, छत्री आडवी धरून उभे राहिले. कंडक्टर ओरडत होता, बाबा हलले नाहीत.

माझी सोय उत्तम आहे. फ्रिजमध्ये ग्लास गार करून ठेवीन, गार केलं की वास कमी येतो. ऑफिसला दोन थर्मास नेईन. रविवारी चव घेऊन पाहिली, व्हॅनिलाची आहे. वाईट नाही, फक्त शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की जरा जड जाईल. बी12चं इंजेक्शन वेळेवर घेते, कारण ते जिथे शोषलं जातं तोच आतड्याचा भाग बिघडलेला आहे.

आता ऐका. मावशीकडून ताकाचा प्रयोग आणू नका, तिच्या जावेला कोलायटिस आहे, माझा आजार वेगळा. इसबगोल कुरियर करू नका. माझं आतडं एका ठिकाणी अरुंद झालंय, तिथे ते फुगून अडकेल. आई, हरतालिकेचा निर्जळी उपास तू यंदा करायचा नाहीस, बीपीची गोळी रिकाम्या पोटी घेऊन मागे चक्कर आली होती. बाबा, मखर सजवायला स्टुलावर चढू नका, दादा दोन दिवस आधी येतोय.

आठ आठवड्यांनी जेवण हळूहळू सुरू करायचं. पहिले मऊ पदार्थ, साली-बिया-कच्चं काही नाही, मटकीची उसळ तर फार पुढे. मी बाईंना तुझं खिमट सांगितलं, त्या म्हणाल्या, चालेल, पण प्रमाण हवं. तेव्हा आई, "अंदाजाने गं" म्हणू नकोस. आपल्या त्या कान मोडक्या वाटीने तांदूळ किती, मूगडाळ किती, भाजायची किती वेळ, आणि पाणी, हे बाबांना सांग. ते लिहून पाठवतील.

तुमची,
बेबी