ट्यूब परत फुटली रे

अरे लेका,

तब्येत बरी आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, ते सोड. लिहायला बसलो कारण पोटॅशच्या खाणीत सोडायचं ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी, वाफेने तापवणाऱ्या हीटरची ट्यूब परत फुटली आणि हे घरी सांगितलं तर "मग नवीन बसवा ना" एवढंच ऐकायला मिळतं.

कळलं कसं माहितीये? युनिट थोडा वेळ बंद केलं, शेलमधली, म्हणजे ट्यूबांभोवतीच्या कवचातली, वाफ थंड होऊन व्हॅक्यूम झाला आणि फुटक्या ट्यूबमधून ब्राइन आत ओढलं गेलं. कंडेन्सेटचा, म्हणजे वाफेच्या झालेल्या पाण्याचा, खारेपणा दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर सर्रकन वर! चालू असताना वाफेचा दाब जास्त म्हणून गळती लपून राहते. ते खारं पाणी बॉयलरपर्यंत पोचलं असतं तर, विचारच नको. ड्रेन व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पोराचा हात थरथरत होता रे.

ट्यूब उभी चिरून पाहिली. जाडी जशीच्या तशी, गंज नावाला नाही, आणि आतून बारीक भेगा, झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेल्या. ३१६ स्टेनलेस, क्लोराइड, ६० अंशांच्या बरंच वर तापमान आणि ट्यूब बसवताना रोल करून फुगवतात तेव्हा राहिलेला ताण, आणखी काय व्हायचं होतं? त्यात गरम भिंतीवर कॅल्शियम सल्फेटचा थर, ते तापेल तसं कमी विरघळतं आणि त्या थराखाली क्लोराइड साचत जातं.

साहेब म्हणाले, तापमानच कमी करा. तुला काय सांगायचं, पण त्यांना आकडे काढून दाखवले, १०० ग्रॅम पाण्यात पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, २० अंशांना ३४ ग्रॅम विरघळतं आणि १०० अंशांना ५६, साधं मीठ मात्र ३६ वरून जेमतेम ३९. म्हणून तर मिठाने आधीच भरलेलं गरम ब्राइन खाली सोडलं की मीठ तिथेच राहतं आणि पोटॅश वर येतं. थंड केलं तर खाणच बंद. हे पटलं, पण ठरलं काय, तर तेच स्टेनलेस परत टाकायचं, स्टॉकमध्ये आहे म्हणून!

मला टायटॅनियम हवंय, तेही पॅलेडियमवालं, कारण साधं टायटॅनियम इतक्या गरम ब्राइनमध्ये फटींत, गॅस्केटखाली मार खातं. तू हॉस्टेलच्या गच्चीवर भांडायचास तसं आत्ताही म्हणशील, भिंतच काढून टाक, ज्योत थेट ब्राइनमध्ये बुडव. वॉर्डन वर आले तरी तू गप्प बसला नव्हतास, उलट त्यांनाच बर्नरचं चित्र काढून दाखवायला लागलास! दम आहे तुझ्या म्हणण्यात, ट्यूबच नाही तर थर बसणार कशावर. पण धुरातला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच खाली येतो, ब्राइन आम्लधर्मी होतं, मग टाकी आणि पाइपलाइन कोण सांभाळणार? आणि तापमान चढलं की धुरासोबत वाफ पळते, जळलेल्या गॅसची उष्णता वाया. याचं उत्तर तू तेव्हाही दिलं नव्हतंस, फक्त आवाज चढवला होतास.

वहिनींच्या परीक्षेचं काय झालं? पिल्लू चालायला लागलं म्हणे, व्हिडिओ टाक की. नवीन नोकरी जमतेय ना?

भेगांचे फोटो पाठवतोय. ट्यूबशीट, म्हणजे ट्यूबांची टोकं बसतात ती जाड प्लेट, स्टीलचीच ठेवून टायटॅनियमच्या ट्यूब बसवू असंही कुणीतरी सुचवलंय. त्या जोडात स्टील खाल्लं जाईल आणि टायटॅनियममध्ये हायड्रोजन शिरेल असं मी सांगतोय. तुलाही पटत असेल तर दोन ओळी लेखी पाठव, तुझा शब्द साहेब ऐकतात. सोमवारी ऑर्डर जातेय, त्याआधी पाठव.