कोयता घरीच ठेव

पुणे,
18 ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सामानाची यादी, दोन्ही पोचलं. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड! इतक्या वर्षांनी आपण पुन्हा बरोबर चालणार, या कल्पनेनेच दोन दिवस हलकं वाटतंय. पण यादीतल्या एका ओळीपाशी अडलो : कोयता, छोटी कुऱ्हाड, दहा इंची जंगल-चाकू. भाचा पहिल्यांदाच येतोय म्हणून तू जय्यत तयारी करतोयस, हे कळतं. तरी यातलं एकही आणू नकोस.

कोयत्याबद्दल मला फार आदर आहे. कोकणातले माझे आजोबा सकाळी उठले की कमरेला आकडी बांधायचे आणि आकडीत कोयता. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद, गावच्या लोहाराने पाणी दिलेलं. टोकाशी आत वळलेल्या पात्यामुळे फांदी निसटत नाही, घाव आत ओढला जातो. पण घाव घालताना पाय कुठे, दुसरा हात कुठे, पातं हुकलं तर कुठे जाईल, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. तुझ्यामाझ्या अंगात ते नाही. हुकलेला कोयता नडगीत बसतो, आणि कात्राबाईच्या रानात नडगी फुटली तर माणसाला झोळी करून खाली न्यावं लागतं.

शिवाय तिथे आपण तोडणार काय? तो सगळा मुलूख 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तिथे झाड तोडणं तर नाहीच, रानाला धोका होईल अशी आग पेटवणंही 1972 च्या वन्यजीव कायद्याला धरून नाही. काठीसाठी कारवी तोडायचो आपण, आठवतं? सात-आठ वर्षं वाढून एकदाच फुलणारं झुडूप, आणि एका उतारासाठी आपण ते मोडायचो. त्याची मला आता खरोखर टोचणी लागते. काठी घरून आण.

त्याच कायद्यातली एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि हत्याराच्या व्याख्येत चाकू हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणून भाजीचा चाकूसुद्धा लपवून न्यायचा नाही. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडतानाच काय काय आहे ते सांगायचं. नको म्हणाले तर तिथेच ठेवून पुढे जायचं. तुझ्या जंगल-चाकूचं तर त्याहून कठीण. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं, घरकामाचं वा शेतीचं नसलेलं हत्यार शस्त्र नियमांच्या यादीत येतं. जाड पात्याने कांदाही धड चिरला जात नाही, पाचरीसारखा फाकतो. परत जात असेल तर परत कर.

मग लागतं काय? गेल्या काही ट्रेकमध्ये मी मुद्दाम लक्ष ठेवलं. कांदा-काकडी, सुतळी, चिकटपट्टी, सुपाच्या पुड्या, बुटाची नाडी, एकदा बँडेज. बास. जेवण-मुक्काम गावातच असल्यामुळे मोठं चिरणं मावशींच्या विळीवर होतं. आठ-नऊ सेंटिमीटरचं पातळ पातं या सगळ्याला पुरतं.

फक्त ते मिटणारं असेल तर उघडल्यावर पक्कं अडकायला हवं. हे मी बोट गमावता गमावता शिकलो. सॅकच्या पट्ट्याला भोक पाडायचं म्हणून टोक दाबत होतो. पात्याला अडकण नव्हती, ते मिटलं आणि उजव्या हाताच्या तर्जनीत थेट हाडापर्यंत गेलं. दवाखाना गाठायला चार तास लागले. ते बोट अजूनही पूर्ण वाकत नाही, हे अक्षर त्याची साक्ष आहे. भाच्याच्या हाती चाकू देण्याआधी त्याला हे नक्की सांग : टोकाने दाबायचं नाही, पातं अंगाकडे ओढायचं नाही, मांडीवर धरून कापायचं नाही, दुसऱ्याला देताना मिटवून द्यायचं. मला विचारशील तर त्याच्यासाठी म्यानातला साधा, न मिटणारा छोटा चाकूच बरा.

पोलाद स्टेनलेस घे. साध्या पोलादाला धार छान लागते, पण आपल्या दमट हवेत ते एका रात्रीत तांबूस डाग धरतं. रोज पुसून तेलाचं बोट फिरवणार असशील तरच ते घे. धार मात्र घरून लावून आण. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो घसरतो. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा कर. बुडाची खरखरीत कड चालते.

चाकूपेक्षाही मी जिच्यासाठी आग्रह धरीन ती बोथट टोकाची, बँडेज कापायची कात्री. घोटा सुजला, पँट कापून जखम बघायची वेळ आली, तर कातडीजवळ चाकू कोण नेणार? अंधारात, थरथरत्या हाताने? कात्री मी आणतो. दोराजवळही चाकू उघडायचा नाही. ताणलेल्या दोराला नुसतं पातं टेकलं तरी तो तुटतो.

काट्यांसाठी चिमटा आणि सुई घे. आणि नेलकटर! निघण्याच्या दोन दिवस आधी दोघेही पायाची नखं कापा. पाचनईच्या उतारावर वाढलेली नखं बुटात आपटून काळीनिळी पडतात.

विमानाने येणार असशील तर चाकू केबिनच्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत कापडात गुंडाळून टाक. आणि एक दिवस आधीच ये. आजोबांची सहाण माझ्याकडे आहे. संध्याकाळी गच्चीवर बसून भाच्याला धार लावायला शिकवू. त्याच्या चाकूला त्याची स्वतःचीच धार असू दे.

तुझा,
मित्र