फायर डोअर घेताना नुसते कवाड पाहू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टिळकवाडी, शहापूर, अनगोळ भागांत जुनी घरे पाडून अपार्टमेंट उभी राहत आहेत. त्यांतल्या बऱ्याच इमारतींत जिन्याला जाडजूड लोखंडी दरवाजा दिसतो. तो फायर डोअर, म्हणजे आग काही वेळ अडवून धरणारा दरवाजा. मी बांधकामाच्या क्षेत्रात असल्याने असे दरवाजे बसवताना पाहतो. ते घेताना लोक जाडी, रंग आणि दर विचारतात. हा दरवाजा कशाच्या जोरावर आग अडवणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

फायर डोअरची चाचणी एकट्या कवाडाची होत नाही. चौकट, बिजागऱ्या, कुलूप, दरवाजा आपोआप ओढून घेणारा क्लोजर, काच असल्यास ती काच, हे सगळे जोडून भट्टीसमोर तपासतात. दरवाजा किती वेळ आग अडवेल हे सांगणारा ६०, ९० किंवा १२० मिनिटे हा आकडा त्या पूर्ण जोडणीचा असतो. आपल्याकडे यासाठी आयएस ३६१४ हे भारतीय मानक आहे. म्हणून कवाड प्रमाणित, पण चौकट जवळच्या वर्कशॉपमधून वेल्डिंग करून आणलेली आणि बिजागऱ्या स्वस्तातल्या, असा मेळ घातला की ते प्रमाणपत्र निरर्थक ठरते. दुकानदाराकडे चाचणीचा अहवाल मागावा आणि आपण घेतो तोच नमुना, तेच माप आणि तेच सामान त्यात आहे का, हे ताडून पाहावे. दरवाजावर लेबल असले पाहिजे. रंगारी त्यावरूनही रंगाचा हात फिरवतात, तेवढे सांभाळावे.

लोखंडी दरवाजांत आणखी एक भेद आहे. काही दरवाजे ज्वाळा अडवतात, पण मागची बाजू तापू देतात. कागदी जाळीचे पोट असलेल्या दरवाजांचे असे होते. जिथे लोकांना दरवाजाच्या अगदी जवळून उतरायचे आहे तिथे उष्णताही अडवणारा दरवाजा हवा, आणि अहवालात त्याचा वेगळा उल्लेख शोधावा. उंच इमारतींत जिना आणि लिफ्टच्या लॉबीला राष्ट्रीय बांधकाम संहिता १२० मिनिटांचा दरवाजा सांगते.

आपल्या हवेत लाकडी फायर डोअरची मोठी अडचण पावसाळा. बेळगाव-खानापूरच्या पावसात लाकूड फुगते, दरवाजा अडकू लागतो, मग सुताराला बोलावून कडा रंधून घेतात. त्या कडेच्या खोबणीत एक पट्टी असते. आगीच्या उष्णतेने ती फुगते आणि फट बुजवते. रंधा फिरला की पट्टी जाते, आणि उन्हाळ्यात फट बोटभर होते. आधी बिजागऱ्या नीट करून पाहाव्यात, नाहीतर ज्यांनी दरवाजा बसवला त्यांनाच बोलवावे. तसेच जास्तीची कडी किंवा कुलूप बसवायला त्यात भोके पाडू नयेत.

धुराचे भय ज्वाळेहून मोठे आहे. बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये २३ फेब्रुवारी २०१० रोजी लागलेल्या आगीत नऊ जण दगावले. आग विजेच्या वाहिन्यांच्या डक्टमध्ये लागली आणि धूर वरच्या मजल्यांवर पसरला. जीव वाचवायला लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. या प्रसंगाची आठवण नव्या इमारतीच्या प्रत्येक बिल्डरने ठेवावी.

घरांचे काय? आपल्या अपार्टमेंटमध्ये खाली पार्किंग, तिथेच मीटर बोर्ड, आता तिथेच इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जिंग, आणि जिना थेट त्या पार्किंगमध्ये उघडतो. पैसे एकाच दरवाजाला पुरत असतील तर तो पार्किंग आणि जिन्याच्या मधे बसवावा, फ्लॅटचे दरवाजे नंतर. पांगुळ गल्ली, खडेबाजार भागात खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि एकच लाकडी जिना अशी घरे आहेत. तिथे दुकान आणि जिना यांच्यामध्ये निदान तासभर टिकणारा दरवाजा हवा. सागवानाचा भरीव दरवाजा पोकळ फ्लश डोअरपेक्षा जास्त तग धरतो, हे मान्य. पण आजूबाजूच्या फटींतून येणारा धूर तो अडवत नाही.

आणि बसवलेला दरवाजा उघडा ठेवायला खाली वीट लावली असेल, तर तो नसल्यासारखाच! वर्दळीच्या ठिकाणी, उदाहरणार्थ दवाखान्यात, चुंबकाने उघडा राहणारा आणि धोक्याची घंटा वाजताच सुटून बंद होणारा दरवाजा मिळतो. तो जरा महाग पडतो, पण विटेची गरज संपते.

महापालिका आणि अग्निशमन खात्याला विनंती आहे. परवानगी देताना कागद तपासण्याबरोबर प्रत्येक जिन्याचा दरवाजा उघडून सोडून द्यावा आणि तो आपोआप पूर्ण बंद होतो का ते पाहावे. ‘हा दरवाजा बंद ठेवा’ ही पाटी कानडीबरोबर मराठीतही लावावी, म्हणजे इथल्या वृद्धांनाही ती वाचता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, शहापूर, बेळगाव