नळांना ॲसिड लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की वाघोली-लोहगाव भागात माझा फोन दिवसभर वाजत असतो. कुणाच्या शॉवरची धार भलतीकडेच उडते, कुणाचा कमोडजवळचा जेट गळतो, कुणाच्या वर्षभरापूर्वी बसवलेल्या नळाची चमक गेलेली असते. मी इथे बरीच वर्षं प्लंबिंगची कामं करतो. नळ जुना झाला म्हणून बिघडला असं क्वचित होतं. बहुतेक वेळा तो ॲसिडने धुतलेला असतो, नाहीतर बसवल्यापासून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं.

आमच्या भागातल्या कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. हे पाणी क्षाराचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा, म्हणजे चुन्यासारख्या क्षारांचं प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत. क्षाराचं पाणी वाळलं की मागे पांढरा चुना राहतो. शहरात पेठांमध्ये खडकवासल्याचं पाणी येतं, तिथे पितळी नळ वर्षानुवर्षं तसेच राहिलेले मी पाहिले आहेत. इकडे मात्र नळाच्या तोंडाची जाळी थोड्याच महिन्यांत चोंदते. मग घरातले म्हणतात, प्रेशर कमी झालं, पंप लावा. जाळी हाताने फिरवून काढली आणि उलटी धरून धुतली, तर वाळूचे कण नि चुन्याच्या खपल्या पडतात आणि धार पूर्ववत होते. याला प्लंबर बोलवायची गरज नाही.

हा चुना काढायला लोक ॲसिड वापरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, नाव-पत्ता वहीत लिहायचा. तरीही आमच्याकडे फिनेलवाल्याकडे ते सहज मिळतं. ॲसिड चुना खातं, तसंच नळावरचा क्रोमचा मुलामाही खातं. एकदा पितळ उघडं पडलं की नळ हिरवट होतो, आणि मग तो कितीही घासा. त्याहून वाईट म्हणजे ते फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खातं. पाणी खाली झिरपतं, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते, आणि दोन शेजाऱ्यांत पाइप कुणाचा फुटला यावरून भांडण जुंपतं. पाइप अनेकदा धडधाकट असतो.

पण नळापेक्षा मला माणसाची काळजी जास्त आहे. मागे एका घरी जेट बदलायला गेलो, तेव्हा कामाच्या मावशी बाथरूमच्या दारात भिंतीला टेकून खोकत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कमोडमध्ये आधी ब्लीचिंग टाकलेलं, त्यावर ॲसिड ओतलेलं, खिडकी बंद. या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो, तो थेट फुफ्फुसांवर जातो. असं झालं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत यायचं, साफ करायला पुन्हा आत जायचं नाही, आणि श्वास लागत असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. त्या मावशींच्या हातात मोजेसुद्धा नव्हते. दुसऱ्याच्या घराची फरशी उजळावी म्हणून त्यांनी हे का सोसावं?

चुन्याला किराणा दुकानातलं लिंबूसत्व पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे घालायचं, शॉवर आणि जाळ्या काढून अर्धा तास त्यात बुडवायच्या, मग जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुवायच्या. शॉवर निघत नसेल तर हेच पाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून ती शॉवरला बांधावी. रात्रभर ठेवू नका, संगमरवरावर सांडू देऊ नका. आणि लिंबूसत्व हेही आम्लच, तेव्हा ब्लीचिंगजवळ तेही नको.

फ्लशच्या टाकीबद्दलही सांगायलाच हवं, कारण तिची गळती ऐकू येत नाही. पाणी कमोडच्या मागच्या बाजूने बारीक ओघळत राहतं आणि टँकरचं बिल वाढत जातं. रात्री टाकीत जिलेबीचा खायचा रंग चिमूटभर टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर गळतंय. बऱ्याचदा त्यावर कचरा बसलेला असतो, रबर पुसलं की काम होतं. आमच्याच धंद्यातले काही जण लगेच अख्खा सेट बदलायला लावतात, ते मला पटत नाही. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्याही टाळा, त्यांनी हे रबर लवकर कडक होतं.

अँगल कॉक, म्हणजे जेट किंवा टाकीचं पाणी बंद करायचा भिंतीतला छोटा कॉक, तीन-चार महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. नाहीतर तो क्षाराने जाम होतो आणि जेटचा पाइप फुटेल त्या दिवशी हलत नाही. दिवाळीला गावी जाणार असाल तर निघताना अँगल कॉक बंद करा आणि नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात, तांब्याभर पाणी ओता. ट्रॅप कोरडा पडला की गटाराचा वास आणि झुरळं घरात येतात.

आपल्या दिवाळीच्या साफसफाईच्या पानावर ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र न करण्याची सूचना ठळक अक्षरांत छापावी, अशी माझी विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी मावशी कामाला येतात त्यांनी ती त्यांना वाचून दाखवावी, ॲसिडची बाटली घरात असेल तर त्यांच्या हातात देऊ नये.

आपला,
एक प्लंबर, वाघोली (पुणे)