इवल्याशा थेंबाचं तापमान

पवई, मुंबई
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घरची खुशाली कळली, बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी बारावीतल्या त्या मुलीचा जो प्रश्न तू लिहिला आहेस, तो तेव्हापासून डोक्यातून जात नाही. शिशाची केंद्रकं एकमेकांवर आदळली की सूर्याच्या गाभ्याच्या लाखभर पट तापमान होतं, हे ऐकून ती म्हणाली, "सर, इतक्यात संपणाऱ्या गोष्टीला तापमान असतं तरी का?" तिला माझ्याकडून शाबासकी दे. गेली पंचाहत्तर वर्षं आमचे लोक याच प्रश्नाशी झुंजत आले आहेत, आणि मीही त्याच्याच पायी या विषयात पडलो.

अडचण किती खरी आहे ते आधी बघ. बी.एस्सी.ला आपण तापमान शिकलो ते भांड्यातल्या वायूचं. कण असंख्य, भिंती पक्क्या, आणि समतोल यायला हवा तेवढा वेळ. इथे भांडंच नाही. शिशाच्या केंद्रकात 208 प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एलएचसी हे कण आदळवणारं महाकाय यंत्र आहे. त्यात अशी दोन केंद्रकं समोरासमोर आदळली की वीस हजारांच्या आसपास विद्युतभारित कण बाहेर पडतात. मधे जो तप्त थेंब तयार होतो तो साधारण दहा फेम्टोमीटरचा, म्हणजे सहा प्रोटॉन ओळीने मांडावेत एवढा. तो प्रकाशाच्या वेगाला टेकणाऱ्या गतीने पसरतो आणि 10⁻²² सेकंदाच्या आत विरतो. समतोलाला वेळ मिळाला कधी, असं कुणीही विचारेल.

तरी 1950 साली एन्रिको फर्मी यांनी धाडस केलं. प्रचंड ऊर्जेच्या टकरीत ती सगळी ऊर्जा एवढ्याशा जागेत शक्य त्या सर्व अवस्थांमध्ये वाटली जाते असं धरून किती कण निघतील याचं गणित त्यांनी मांडलं. 1953 मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ लँडाऊ त्यापुढे गेले. कण लगेच सुटत नाहीत, तो गोळा आधी द्रवासारखा वाहतो, थंड होतो आणि मग कण सुटतात, असं त्यांचं म्हणणं. प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कची कल्पना तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

माझा जीव मात्र जडला आहे तो रॉल्फ हॅगेडॉर्न या माणसावर. शाळेतून थेट जर्मन सैन्यात, आफ्रिकेच्या वाळवंटात लढाई, तिथे पकडले गेले, आणि अमेरिकेतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत बसून गणित-भौतिकी शिकले. 1954 पासून ते सर्नमध्ये होते. 1965 साली त्यांनी जो युक्तिवाद मांडला तो तू वर्गात सहज सांगू शकशील. पाणी तापवलं की दिलेली ऊर्जा रेणूंची गती वाढवते आणि तापमान चढतं. केंद्रकीय पदार्थात ऊर्जा खर्च व्हायची आणखी एक वाट आहे, ती म्हणजे नवे कण घडणं. जसजसं जास्त वस्तुमानाकडे जावं तसतसे कणांचे प्रकार घातांकी वेगाने वाढत जातात, असं हॅगेडॉर्न यांच्या लक्षात आलं. मग एका टप्प्यानंतर कितीही ऊर्जा ओता, ती अधिकाधिक जड कण घडवण्यात जिरते आणि तापमान जागच्या जागी राहतं. ही मर्यादा त्यांनी काढली सुमारे 160 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट; आम्ही तापमान आणि वस्तुमान दोन्ही या ऊर्जेच्या एककात मोजतो), म्हणजे जवळजवळ 1.85 लाख कोटी केल्विन. त्या काळी कणांचे मोजकेच प्रकार माहीत होते. तेवढ्यावरून या आकड्यापर्यंत पोचणं ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते.

दहा वर्षांनी, 1975 मध्ये, निकोला काबिब्बो आणि जॉर्जो पारिसी यांनी त्याच आकड्याचा नवा अर्थ लावला. त्या तापमानाला पदार्थाची अवस्था बदलते. प्रोटॉन, पायॉन ही वेगवेगळी अंगं नाहीशी होतात, क्वार्क आणि त्यांना जोडून ठेवणारे ग्लुऑन मोकळे फिरू लागतात. (गुंतागुंतीच्या व्यवस्थांवरच्या कामासाठी 2021 चं नोबेल मिळालेले पारिसी ते हेच.) आज महासंगणकावर लॅटिस पद्धतीने, म्हणजे अवकाश-काळाची जाळी कल्पून, केलेलं गणित सांगतं की हा बदल 156.5 एमईव्हीला होतो, इकडे तिकडे दीड एमईव्ही.

आता त्या मुलीला द्यायचं पहिलं उत्तर. एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगात आपण बाहेर आलेले कण जातवार मोजतो: पायॉन, केऑन, प्रोटॉन, लॅम्डा, ओमेगा, पार प्रतिहेलियमपर्यंत. सर्वांत विपुल आणि सर्वांत दुर्मिळ जातींत नऊ दशघातांचं अंतर आहे. आणि या सगळ्या संख्या बोल्ट्झमनच्या एकाच सूत्रात (वस्तुमान भागिले तापमान, त्याची e वर उणे घात), एकाच तापमानाला बसतात. ते तापमान निघतं 156.5 एमईव्ही. एकीकडे निव्वळ सिद्धांतातून संगणकाने काढलेला आकडा, दुसरीकडे मोजलेल्या कणांची नुसती शिरगणती, आणि दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात. 2018 साली हे एकत्र मांडलं गेलं तेव्हा तो निबंध मी पुन्हा पुन्हा वाचला होता.

याचा एक नमुना फळ्यावर करून दाखव. प्रोटॉनचं वस्तुमान 938 एमईव्ही. त्याला 156.5 ने भाग, जवळजवळ 6 येतात. e⁻⁶ म्हणजे साधारण चारशेत एक. म्हणजे केंद्रकात एक न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) वाढवायचा तर संख्या काही शे पटींनी घटायला हवी. स्पिनचे आणि वस्तुमानाचे घटक घाल, अल्पायुषी कणांच्या क्षयातून येणारे जादा प्रोटॉन धर, आणि उत्तर तीनशेच्या आसपास येतं. प्रयोगातही तेच दिसतं: प्रोटॉनच्या तीनशेव्या हिश्शाएवढे ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचं केंद्रक), त्यांच्या तीनशेव्या हिश्शाएवढे हेलियम-3. बारावीच्या मुलांना लॉगॅरिथम येतात, एवढं पुरे.

पण इथेच एक काटा रुतलेला होता. ड्यूटेरॉनमधले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन अवघ्या 2.2 एमईव्हीने बांधलेले आहेत. भोवतालचं तापमान त्याच्या सत्तर पट. पहिल्याच धक्क्याला तो फुटायला हवा. मग तो बाहेर येतो कसा, आणि तोही नेमक्या थर्मल, म्हणजे वरच्या तापमानाच्या, हिशेबाइतक्या संख्येने? वर्षानुवर्षं परिषदांमध्ये यावर वाद झडले. 2025 साली ॲलिसने प्रोटॉन-प्रोटॉन टकरींमधून याची फार सुंदर उकल केली. ड्यूटेरॉन आणि पायॉन यांच्या जोड्या घेऊन त्यांच्या सापेक्ष संवेगाचा आलेख काढला, आणि त्यात डेल्टा या अल्पायुषी कणाची खूण स्पष्ट उमटली. डेल्टाच्या क्षयातून एक न्यूक्लिऑन आणि एक पायॉन निघतो. तो न्यूक्लिऑन जवळच्या दुसऱ्याशी जुळून ड्यूटेरॉन होतो, आणि पायॉन आपल्या उगमाची साक्ष देत सोबत बाहेर पडतो. म्हणजे बहुतेक ड्यूटेरॉन त्या माऱ्यातून वाचलेले नाहीत, मारा ओसरल्यावर जन्मलेले आहेत.

मग थर्मल हिशेब चुकला का? मला तसं वाटत नाही. ड्यूटेरॉन आणि प्रोटॉन यांचं प्रमाण ठरतं ते दर बॅरिऑनमागे (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जातीचा कण) किती एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्था, आहे त्यावर. ती 156 एमईव्हीच्या सुमारास कायम होते आणि पुढच्या प्रसरणात बदलत नाही. त्यामुळे ड्यूटेरॉन उशिरा घडला तरी त्याची संख्या आधीच ठरलेली असते. शिशाच्या टकरीतही हीच गोष्ट घडते का, हे अजून नीट दाखवायचं आहे. आमच्या गटातल्या एका विद्यार्थिनीला मी हाच विषय घ्यायला सुचवलं आहे.

थेंबाच्या पोटातलं तापमान मात्र याहून जास्त असतं. ते कळायला केंद्रकं बांधणाऱ्या तीव्र बलाच्या तावडीत न सापडणारे कण हवेत. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तशाच आहेत. आतून निघाल्या की सरळ बाहेर. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवनमधल्या स्टार प्रयोगाने सोन्याच्या टकरींमध्ये अशा जोड्या मोजून आतलं तापमान सुमारे सव्वातीन लाख कोटी केल्विन काढलं.

दुसरं उत्तर मला याहूनही जवळचं आहे. दोन केंद्रकं थोडी बाजूला सरकून आदळली की मधला थेंब बदामाच्या आकाराचा होतो. कण एकमेकांना न विचारता उडाले असते तर ते सगळ्या दिशांना सारखेच गेले असते. प्रत्यक्षात बदामाच्या अरुंद बाजूने ते जास्त जोराने निघतात, कारण तिथे दाब वेगाने उतरतो. हे द्रवाचं लक्षण. 2005 साली ब्रूकहेवनच्या चारही प्रयोगांनी एकत्रित जाहीर केलं की हा पदार्थ वायूसारखा नाही, जवळजवळ आदर्श द्रव आहे, त्याची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) एन्ट्रॉपीच्या मानाने अतिशय कमी आहे. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेतच ड्यूक विद्यापीठात लिथियमच्या अतिशीत अणूंचा लांबट ढग सापळ्यातून मोकळा सोडला, तेव्हा तोही अरुंद बाजूनेच फुगला होता. तापमान मायक्रोकेल्विनच्याही खाली! एकोणीस दशघातांच्या अंतरावरचे दोन पदार्थ एकाच तऱ्हेने वाहतात. सुहास, सांख्यिकीय भौतिकीवर माझी श्रद्धा कशामुळे बसली असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. कण कोणते आहेत, बल कोणतं आहे, याची चौकशी न करता ती बोलते.

क्रांतिक बिंदूबद्दल तू मागेच विचारलं होतंस. अँड्र्यूजचे कार्बन डायऑक्साइडचे वक्र तू दरवर्षी काढतोस. 31 अंशांजवळ द्रव आणि वायू यांतला भेद मिटतो आणि घनतेचे चढउतार इतके मोठे होतात की पारदर्शक वायू दुधाळ दिसू लागतो. केंद्रकीय पदार्थालाही असा बिंदू असावा असा कयास आहे. त्यासाठी ब्रूकहेवनला 2010 पासून टकरींची ऊर्जा पायरी-पायरीने 200 जीईव्हीवरून (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) खाली आणली, आणि प्रत्येक टकरीत प्रोटॉन प्रतिप्रोटॉनांपेक्षा किती जास्त आहेत ते मोजून त्या संख्येचे चढउतार तपासले, तेही चौथ्या घातापर्यंत. 20 जीईव्हीच्या आसपास आलेख अपेक्षेपेक्षा खाली झुकलेला दिसतो, असं 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. कोणत्या गणिताशी तुलना करायची त्यावर ही तफावत दोन ते पाच सिग्मा (अनिश्चिततेच्या दोन ते पाच पट) ठरते. म्हणून मी तरी याला अजून शोध म्हणणार नाही. पण आपल्या मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी लॅटिसवर टेलर श्रेणीच्या वाटेने हा बिंदू धुंडाळायला फार लवकर सुरुवात केली होती, हे तुझ्या मुलांना जरूर सांग.

सध्या आम्ही बुडालो आहोत ते छोट्या केंद्रकांत. जुलै 2025 मध्ये एलएचसीमध्ये पहिल्यांदा ऑक्सिजनवर ऑक्सिजन आणि निऑनवर निऑन आदळवले. निऑनचं केंद्रक लांबट, ऑक्सिजनचं त्या मानाने गोल. द्रवाचं गणित खरं असेल तर निऑनमध्ये प्रवाहाचा लंबगोलपणा जास्त दिसायला हवा होता, आणि तो भाकितानुसार दिसला. अवघ्या 20 न्यूक्लिऑनांच्या केंद्रकाचा आकार प्रवाहात उतरतो! शिवाय ऑक्सिजनच्या टकरीत वेगवान कणांची ऊर्जा वाटेत घटते, याच्या खुणाही मिळाल्या आहेत. प्रोटॉन-प्रोटॉनमध्ये मात्र प्रवाहासारखं वागणं दिसतं, पण ऊर्जा घटल्याचं कुणाला दिसलेलं नाही. मग द्रव नेमका कुठून सुरू होतो? शंभर कणांपासून, की त्याहून कमी? त्या मुलीला यातलं जे पटणार नाही ते तिच्याच शब्दांत लिहून मला पाठवायला सांग, मी सविस्तर उत्तर देईन.

मे महिन्यात कराडला यायचं चाललं आहे. तारीख ठरली की कळवतो. घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
आनंद