पडदा पडल्यावर रंगपटात जाताना

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींबरोबर बालगंधर्व रंगमंदिरात नाटक बघायचं आणि नंतर कलाकारांना भेटायचं तुम्ही ठरवलंत, हे वाचून फार बरं वाटलं. जरूर भेटा. नटाला टाळ्या ऐकू येतात, हशा कळतो. पण पंधराव्या रांगेतल्या मुलीला नेमकं काय भिडलं, ते तिने येऊन सांगितल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नसतो. फक्त एवढं ध्यानात असू दे की रंगपट, म्हणजे कलाकारांची रंगभूषेची आणि कपडे बदलायची खोली, हे त्यांचं कामाचं ठिकाण आहे, आणि पडदा पडला तरी तिथलं काम सुरूच असतं.

कुठल्या प्रयोगाला जायचं ते आधी ठरव. पुण्यात बालगंधर्वला काय किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाला काय, सत्रं साधारण तीन: दुपारी १२.३०, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ९.३०. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच तासांच्या आसपास चालतं. म्हणजे दुपारचं नाटक तीनला सुटलं, की साडेपाचच्या आत एका संस्थेचं नेपथ्य उतरून टेम्पोत जायचं, दुसऱ्या संस्थेचं लागायचं, लाइट आणि माइक तपासून व्हायचे. या गडबडीत कुणाला उभं राहायलाही जागा नसते. पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान त्यासाठी नीट वाच. त्याच नाटकाचा त्याच दिवशी चिंचवडला किंवा कोथरूडला दुसरा प्रयोग लागला असेल, तर पहिल्या प्रयोगानंतर मंडळी थेट बसमध्ये बसतात. रात्रीचा प्रयोग बाराला सुटतो, मुंबईहून आलेल्यांना तसंच परत निघायचं असतं, आणि तुम्हालाही हॉस्टेल गाठायचं असतं. माझं ऐकशील तर दिवसातला त्या नाटकाचा एकच प्रयोग असलेलं, आणि ज्याच्यानंतर रात्री तिथे दुसरं नाटक नाही असं ५.३०चं सत्र बघ.

मध्यंतरात मात्र आत जाऊ नका. बरेच प्रेक्षक जातात आणि ते मला अजिबात पटत नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत कपडे बदलायचे असतात, विग बदलायचा असतो, घसा ओला करायचा असतो आणि दुसरा अंक डोक्यात धरून ठेवायचा असतो. तुमच्याशी हसून बोलताना नटाच्या हातून तो धागा सुटला, तर त्याची किंमत पुढचा तासभर अख्खं सभागृह मोजतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाटक संपलं की लोक रंगमंचाच्या बाजूच्या पायऱ्यांवरून सरळ वर चढतात आणि सेटमधून आत शिरतात. तू तसं करू नकोस. सेटची भिंत म्हणजे लाकडी चौकटीचा दहा-बारा फुटी फ्लॅट असतो. मागून तिरका ब्रेस, म्हणजे टेकू, लावून आणि त्याच्या पायाशी लोखंडी वजन ठेवून तो उभा केलेला असतो. उतरवताना आधी वजन निघतं, मग ब्रेस सुटतो, आणि तेवढ्या वेळेपुरती ती भिंत एका माणसाच्या दोन हातांवर असते. त्याच क्षणी कुणी सेल्फी काढत मागे सरकलं की काय होईल, तूच विचार कर. शिवाय जमिनीवर उपटलेले खिळे असतात, गुंडाळायच्या वायरी असतात, आणि नाटकाचे लाइट बंद झाल्यावर उजेडही बेताचाच उरतो. कधी कुणी बोलावलं म्हणून रंगमंचावर पाऊल टाकावंच लागलं, तर चपला खाली काढून जा. आपल्याकडची ती रीत आहे आणि तिथली माणसं ती मनापासून पाळतात.

तेव्हा सभागृहातून बाहेर ये आणि रंगपटाकडे जाणारं दार कुठलं ते डोअरकीपरला विचार. दाराशी नाटकाचा व्यवस्थापक असतो, नाहीतर बुकिंगच्या खिडकीशी हिशोब करत असतो. त्याला नाव घेऊन विचारायचं: ‘आम्ही चौघी आहोत, अमुक ताईंना दोन मिनिटं भेटता येईल का?’ किती जण आहात आणि कुणाला भेटायचंय, हे आधी सांगितलं की त्याचं काम सोपं होतं. ‘आम्हाला सगळ्यांना भेटायचंय’ म्हणणाऱ्यांना बहुधा कुणीच धड भेटत नाही.

मग पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागेल. आत काय चाललेलं असतं ते सांगतो, म्हणजे जिवावर येणार नाही. कपडेपट सांभाळणाऱ्याला घामाने भिजलेले कपडे हँगरला लावून पेट्या बंद करायच्या असतात, म्हणून आधी कपडे उतरतात. कॉलरचा माइक असेल तर तो साउंडवाल्याच्या हातात जातो. मग रंग. तेल किंवा क्रीम लावून तो पुसून काढावा लागतो. खोटी दाढी-मिशी स्पिरिट गम नावाच्या डिंकाने चिकटवलेली असते. ती ओढून काढली तर कातडी सोलवटते आणि मिशीची जाळीही फाटते, म्हणून कडेने तो डिंक सोडवणारं औषध लावत सावकाश सोडवावी लागते. अर्धा रंग उतरलेल्या, विग काढलेल्या माणसाचा फोटो कधीच काढू नये. मिठी मारायचा मोहही आवर, रंग ओला असतो.

भेटल्यावर काय बोलायचं? ‘छान झालं’ एवढं म्हटलंस तरी चालतं, पण एक जागा धरून सांगितलंस तर माणूस थांबून ऐकतो. दुसऱ्या अंकात पत्र वाचताना तुम्ही मध्येच चष्मा काढलात तेव्हा पोटात कालवलं, असं काहीतरी, जे तू खरोखर पाहिलंस ते. मालिकेतल्या भूमिकेबद्दल विचारू नकोस. आत्ता अडीच तास त्यांनी जे केलं त्याबद्दल बोल. ‘तुम्ही टीव्हीत जाड दिसता’ हे वाक्य कलाकारांना किती वेळा ऐकावं लागतं, याची तुला कल्पना नाही. पुरुषांना सर, बायकांना ताई किंवा मॅडम. काका-मावशी त्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय नको. आवाज दमलेला असतो, म्हणून उत्तर मोठं द्यावं लागेल असे प्रश्न टाळ. संगीत नाटकातल्या गायकाला तर दोन ओळी गाऊन दाखवायचा आग्रह मुळीच करू नये.

स्वाक्षरी घ्यायची तर मोबाइलवरच्या तिकिटाचा उपयोग नाही. पेपरातली त्या प्रयोगाची जाहिरात कापून जाड पुठ्ठ्याच्या वहीत आदल्या दिवशीच चिकटव, म्हणजे खळ वाळेल. तिच्यावर नाटकाचं, कलाकारांचं, नाट्यगृहाचं नाव आणि वेळ सगळं आयतंच असतं. त्यावर बॉलपेन वापर. वर्तमानपत्राच्या कागदावर जेल पेनची शाई पसरते. गुळगुळीत माहितीपत्रकावर उलट बॉलपेन घसरतं, तिथे मार्कर लागतो. दोन्ही जवळ ठेव आणि टोपण काढूनच हातात दे.

फोटो एकच, एकाच फोनवर; नंतर तुम्ही आपसांत पाठवा. रंगपटात आरशाभोवती दिवे असतात. तुम्ही आरशाकडे तोंड करून उभ्या राहा आणि फोटो काढणारीची पाठ आरशाकडे असू दे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो. फ्लॅश नको, तो समोरच्याच्या दमलेल्या डोळ्यांत जातो. फोटो कुठे टाकलास तर नाटकाचा शेवट लिहू नकोस.

खायला घरचं काही नेऊ नकोस. आवडलं तरी अनोळखी माणसाने आणलेलं खाताना त्यांना विचार करावा लागतो. त्यापेक्षा साध्या कागदावर चार ओळी लिहून दे. कुणी आज नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. घरी आजारी माणूस असतानाही प्रयोग करणारे लोक असतात हे. आणि चौघी एकत्रच आत जा, एकटीने नाही. हे नाटकवाल्यांबद्दल नाही, कुठल्याही अनोळखी जागेबद्दल सांगतोय.

बाहेर पडताना नेपथ्य उतरवणारे दिसतील, लाइटचा माणूस दिसेल. ‘तो पहाटेचा उजेड फार सुरेख होता’ असं त्याला सांग. त्याच्याकडे फोटो मागायला कुणी येत नाही, आणि त्याचा एक लाइट चुकला तर नटाचं सगळं वाक्य अंधारात जातं.

हे जमलं की सुदर्शन रंगमंचावरची प्रायोगिक नाटकंही बघ. जागा लहान, त्यामुळे दिग्दर्शकही प्रयोगानंतर दाराशी सहज भेटतात आणि बोलायला वेळ असतो. आणि भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक चुकवू नकोस. १९६३ पासून चाललेली महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा आहे ती. तिथे रंगमंचावर तुझ्याच वयाची मुलं असतात, त्यांना भेटायला व्यवस्थापकाला विचारावंही लागत नाही.

तिकिटाचे पैसे आज पाठवतोय. मधल्या रांगा घे, आठवी ते बारावी.

तुझा,
बाबा