विषय: घाटेअळीवरचं तुमचं एनपीव्ही (अळीला रोग लावणाऱ्या विषाणूचं औषध) आणि हेल्पलाइनचा उलटा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवलाय, परत करणार नाही, म्हणून लेखी देतोय.

हरभऱ्यासाठी तुमचं एचएएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीचं एनपीव्ही, घेतलं. अळ्या अगदी बारीक असतानाच फवारलं, संध्याकाळी, हेक्टरी 250 एल.ई.च्या (एल.ई. म्हणजे विषाणूची मात्रा मोजायचं एकक) हिशोबाने. आठवडा उलटला तरी अळ्या डोकं घाट्यात आणि अर्धं अंग बाहेर अशा खातच आहेत. मागच्या हंगामात याच औषधाने अळ्या आधी सुस्त झाल्या, पिवळट पडल्या, मग शेंड्याला उलट्या लटकून मेल्या, हात लावला की कातडी फुटून आतलं पाणी बाहेर यायचं. यंदा तशी एक अळी दिसली नाही. यंदाची बाटली हातात आली तेव्हाच गरम लागत होती आणि उत्पादनाच्या तारखेवर दुसरं स्टिकर होतं, हे मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, कोणी लिहून घेतलं नाही.

आता आजचा फोन. तुमचा माणूस म्हणतो, "सर संध्याकाळी का मारलं? चांगलं ऊन चढल्यावर मारायचं, पटकन वाळतं." मी म्हटलं अहो हा विषाणू आहे, उन्हातल्या अतिनील किरणांनी निकामी होतो, तुमच्याच माहितीपत्रकात संध्याकाळी फवारा असं छापलंय. तर म्हणे, "ते जनरल असतं सर." वर विचारतो, दुसऱ्या दिवशी अळ्या मेल्या होत्या का. दुसऱ्या दिवशी कशा मरतील? अळीने फवारलेलं पान खायचं, तिच्या पोटातल्या अल्कलीत विषाणूभोवतीचं प्रथिनाचं कवच विरघळायचं, मग विषाणू पेशींमध्ये वाढायचा, याला दिवस लागतात. हे गिऱ्हाइकाने कंपनीला शिकवायचं का? आणि एवढं ऐकून घेतल्यावर तो म्हणतो, "लवकर रिझल्ट पाहिजे तर आमचं केमिकल घ्या, लिंक पाठवतो."

याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. केमिकल नको म्हणूनच तर मी याच्याकडे वळलो, हा विषाणू फक्त त्या अळीला लागतो, मधमाश्यांना, ढालकिड्यांना काही करत नाही. चांगलं औषध आहे हो हे, मी स्वतः चार जणांना घ्यायला सांगितलंय, आता त्यांना काय तोंड दाखवू? आणि ज्यांनी तुमच्या माणसाचं ऐकून भर उन्हात फवारलं असेल ते तर म्हणणार विषाणूत काही दम नाही, आणि जन्मात परत हात लावणार नाहीत.

मला पुढचं लेखी पाहिजे. या लॉटमध्ये एल.ई. मागे 600 कोटी विषाणूकण खरंच आहेत का ते मायक्रोस्कोपखाली मोजा, जिवंत अळ्यांना खाऊ घालून बघा आणि रिपोर्ट पाठवा. नुसती मोजणी चालणार नाही, उन्हाने मेलेले कणसुद्धा मोजणीत येतात. पैसे परत करा. हेल्पलाइनवर माहिती असलेला माणूस बसवा. दुसरी बाटली सीलबंद फ्रिजमध्ये ठेवलीय, तुम्ही तपासली नाही तर मी लॅबमध्ये देईन आणि तो कागद घेऊन ग्राहक आयोगात जाईन.

लॉट नंबर, स्टिकरचे फोटो आणि बिल सोबत जोडलंय. फोन करू नका, लेखी उत्तर द्या.